काहिलीत बसून बहिणीकडे

मंडळी, ऐका! देवाला नमस्कार झाला, तुम्हालाही झाला. आता कीर्तनाला सुरुवात करण्याआधी एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी उठायचं नाही! प्रवासाला निघताना घरी काय काय ठेवून जायचं?

काय म्हणालात काकू? दागिने! बरोबर. किल्ल्या शेजारी. गॅस बंद, नळ बंद, मांजर बाहेर. आणि माणूस? माणूस कोणतं ठेवून जायचं?

बघा, सगळे गप्प! कारण ते कोणी ठरवतच नाही हो! गाडीत जागा पाच, माणसं सहा. मग एक जण आपणहून म्हणतं, "जावा तुम्ही, मी हाय की घरी." आणि आपण लगेच ऐकतो! एरवी त्या माणसाची दहा वाक्यं आपण कानाआड करतो, पण हे एक वाक्य? पहिल्या फटक्यात मान्य!

तर मंडळी, आजचं आख्यान त्या सहाव्या माणसाचं.

आता परीक्षा संपल्या. आमच्या वर्गात एकच चर्चा — सुट्टीत कोण कसं जाणार! 'कुठं' नाही बरं का, 'कसं'! एकाचा मामा त्याला मोटारसायकलवरून बर्फात नेणार. एक जण फुग्यात बसून आभाळात जाणार. एका मैत्रिणीला तर कमरेला दोरी बांधून दरीत सोडणार आहेत, आणि त्याला पैसे लागतात! माझी आई म्हणाली, "तुझी मार्कशीट येऊ दे, मी फुकटात सोडते."

हसा, हसा! पण मी तुम्हाला असं एक वाहन सांगते, ज्याला चाक नाही, इंजिन नाही, हॉर्न नाही, आणि — हे नीट ऐका — ज्याला पुढची सीट नाही आणि मागची सीटही नाही!

काहील! उसाचा रस उकळायची काहील! आठ माणसं हात पसरून कडेनं उभी राहतील एवढी मोठी, लोखंडाची, ताटासारखी चपटी आणि गोल.

वारणेच्या काठी हिरवडी नावाचं गाव. तिथं बाळासाहेबांचं गुऱ्हाळ. बाळासाहेब म्हणजे भला माणूस, पण घाईचा! जेवताना पाणी प्यायचं विसरणारा आणि उठल्यावर "पाणी कुठाय?" म्हणून ओरडणारा. त्यांची थोरली बहीण गौराक्का. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडे. सहासष्ट वय, अंगानं भरभक्कम, आणि गुडघे? गुडघे असे की उंबरा ओलांडताना देवाचं नाव, आणि ओलांडल्यावर पुन्हा देवाचं नाव!

घरातली सगळी सुट्टीला निघाली की आक्का दारात उभी. "जावा, म्हशी मी बघते." कोकण झालं, महाबळेश्वर झालं, तिरुपती झालं. आक्का आणि म्हशी, म्हशी आणि आक्का!

आता तुम्ही म्हणाल, त्या बाईला कुठं जायचंच नसेल. जायचं होतं! एकाच ठिकाणी. नदीच्याच काठी, सात किलोमीटर खाली, बेलसांगवीच्या मळ्यात तिची धाकटी बहीण राहायची. तानूबाई. सात किलोमीटर, मंडळी! पण मळ्यापर्यंत रस्ता नाही. गाडी गावात थांबते, पुढं शेताच्या बांधावरून दोन किलोमीटर पायी. त्या गुडघ्यांनी? नऊ वर्षं बहिणी भेटल्या नव्हत्या. फोन व्हायचा. आणि मागच्या माघात तानूबाई फोनवर म्हणाली,

"आक्का, एक डोळा गेलाच. दुसऱ्यातबी काचबिंदू हाय म्हणला डॉक्टर. उरलंय तेवढं टिकवू म्हणतोय, पन भरवसा नाही."

आक्कानं ऐकून घेतलं. फोन ठेवला. आणि भावाला म्हणाली, "बाळू, तिला दिसतंय तवर मला तिच्याम्होरं जाऊन हुबं ऱ्हायाचंय."

"जाऊया की आक्का! एवढा हंगाम संपू दे."

हंगाम संपला. मग लग्नसराई आली. मग बाळासाहेबांचा मुलगा शार्दूल पुण्याहून आला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष! अंगावर खिसेच खिसे असलेली पँट. तो म्हणाला, "पप्पा, ह्या सुट्टीत मी आणि केतकी काहिलीतून नदीप्रवास करणार. बंधाऱ्यापर्यंत. कुणीच केला नसेल असा!"

केतकी त्याची धाकटी बहीण. माझ्याच वयाची, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी!

बंधाऱ्यापर्यंत म्हणजे बेलसांगवीच्या मळ्यावरूनच की! पाणी अडवलेलं, संथ, थेट तानूबाईच्या दारात पोचणारं. हे कोणाच्या ध्यानात आलं? केतकीच्या! ती धावत सुटली, "दादा, आत्तीला नेऊया! चालायला नको, चढायला नको, नुसतं बसायचं!"

आणि शार्दूल काय म्हणाला? वाईट बोलला नाही हो. अगदी गोड हसून म्हणाला, "अगं, आत्तीचं वजन! काहील बुडेल. पुढच्या सुट्टीत आत्तीसाठी वेगळं काहीतरी करू."

आक्का चुलीपुढं होती. तिनं ऐकलं. भाकरी उलटली आणि म्हणाली, "खरंच की. जावा पोरांनो. म्हशी मी बघते."

मंडळी, ह्या वाक्याला आवाज नसतो. पण भाकरी करपली त्या दिवशी. पहिल्यांदा करपली!

दुसऱ्या दिवशी सकाळी काहील ट्रॅक्टरनं ओढत काठावर आणली. गुऱ्हाळावरचे हसनचाचा, तीस वर्षं त्याच काहिलीत गूळ शिजवणारे, बिडी विझवून बघत उभे. शार्दूलनं काय केलं असेल? खडूनं काहिलीच्या काठावर मोठा बाण काढला आणि लिहिलं — 'पुढे'!

गोल काहिलीला पुढे! चाचा म्हणाले, "शार्दूलबाबा, ह्याला तोंड नसतंय."

"चाचा, कुठल्याही वाहनाला दिशा लागते."

बरं! मग गाडीत बसतात तसे बसले. शार्दूल पुढं, हातात वेळूची काठी. मागं केतकी. तिच्या शेजारी शार्दूलचा मित्र निनाद. आणि निनादच्या मागं डिकी असावी तशा सगळ्या बॅगा! अंगात जाकीट, डोळ्यांवर गॉगल. शार्दूलनं काठी रेटली, आणि काहील निघाली! कुठं? गोल! जागच्या जागी गोल! बाण आधी पूर्वेला, मग उत्तरेला, मग घराकडं! शार्दूल ओरडतोय, "डावीकडं!" कुणाचं डावं? त्यात बॅगांची बाजू खाली, पाणी आत, निनाद उठला पळायला आणि धप्प! तिघंही छातीभर पाण्यात, गॉगल वारणेला अर्पण! काहील तेवढी डुलत डुलत मोकळी झाली आणि काठाला लागली, जणू म्हणतेय, "उतरले का सगळे?"

निनादनं कपडे पिळले आणि सरळ एसटी स्टँड गाठला. बाळासाहेब धावत आले. "बास! काहील गुऱ्हाळावर! नदीचं नाव काढायचं नाही!"

आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाळू. थांब जरा."

आक्का! काठी टेकत, पाऊल पाऊल करत, घरापासून नदीपर्यंत आली होती. मंडळी, उंबरा ओलांडताना दोनदा देवाचं नाव घेणारी बाई! वाटेत किती नावं घेतली असतील? सगळी संपली असतील, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली असतील!

"पुराच्या साली ह्याच काहिलीतनं नऊ माणसं आन् एक वासरू पल्याड नेल्यालं मी बघितलंय. मी त्यात हुते. वजनानं काहील बुडत नाही पोरांनो. एका अंगाला बसलं की बुडती. तुम्ही कागदासारखी हलकी, वर गाडीत बसल्यागत बसला! मधी जड काय तरी लागतंय. आन् भवतीनं तिघं, चुलीच्या तीन दगडागत."

शार्दूलनं विचारलं, "मधी जड काय ठेवायचं आत्ती? वाळूचं पोतं?"

आक्का त्याच्याकडं बघतच राहिली. हसनचाचांनी नदीकडं तोंड फिरवलं, हसू दिसायला नको म्हणून. केतकीच ओरडली, "दादा! अरे, आत्ती!"

तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. खाली वाकला, आत्तीच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्ती, येतीस का? तुझ्याशिवाय काहील चालत नाही."

"मग मघापासनं काय सांगायलीय?"

आता जाकीट! एकही आक्काला होईना. चाचांनी तेलाचे दोन रिकामे कॅन आणले, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसे बांधले. हिरवं लुगडं, कपाळाला बुक्का, पाठीला दोन पिवळे कॅन — काय रूप दिसत असेल! तिला मधोमध बसवलं, पाय लांब करून. एका बाजूला शार्दूल, एका बाजूला केतकी. तिसरा दगड?

"चाचा, तुम्ही चला," आक्कापुढं बाळासाहेबही नरमून म्हणाले.

चाचा म्हणाले, "मला म्हशी बघायच्यात, साहेब."

कळलं का मंडळी? म्हशींचं काम चाचांनी उचललं! आणि बाळासाहेबांना इकडं-तिकडं बघायलाही जागा ठेवली नाही. ते चपला काढून मुकाट्यानं बसले, बहिणीच्या पायाशी.

आणि काहील निघाली! गोल फिरत फिरतच, पण निघाली. सपाट, शांत, ताटात वाढून ठेवल्यासारखी. केतकी म्हणाली, "आत्ती, चक्कर येतीया का?"

"चक्कर कसली? गाडीत एकाच अंगाचं दिसतंय म्हणत्यात. हितं बघ की! ह्यो काठ बघितला की त्यो काठ म्होरं येतोय. आपल्याला मान वळवायचीबी तोशीस नाही!"

खंड्या पक्षी बघितला, तर ओरडून सगळ्यांना दाखवला. लोकांची वांग्याची शेतं बघून "पानी जास्त झालंय" म्हणून शेरा मारला. नऊ वर्षांत बाईनं भिंत, चूल आणि गोठा बघितला होता हो! तिला वारणा म्हणजे समुद्र!

मध्ये वळणावर वारं सुटलं. आणि शार्दूल — शहाणा झाला म्हणेपर्यंत — फोटो काढायला उभा राहिला! काहील कलली, पाणी आत आलं, बाळासाहेबांनी डोळे मिटले. आक्का गरजली,

"बस खाली! मुडद्या, बस!"

तो बसला. केतकी तांब्यानं पाणी उपसायला लागली. आक्काच्या कमरेखालचं लुगडं भिजलं, गुडघे आखडले, पण बाई तसूभर हलली नाही.

"आत्ती, तुझे पाय! थोडी सरक इकडं."

"मी सरकली तर तुम्ही सगळी पान्यात जाशीला. उपस तू."

बाळासाहेबांनी डोळे उघडले. बहिणीचे सुजलेले गुडघे त्यांच्या समोर वीतभर अंतरावर. तीस वर्षं एका घरात राहून एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते. त्यांनी दोन्ही हात त्या गुडघ्यांवर ठेवले आणि चेपायला लागले. केतकी पाणी उपसत राहिली.

बेलसांगवीचा मळा आला. घाटाच्या दगडावर एक बाई धुणं धूत होती. बारीक, वाळकी. पाण्यावर काहीतरी काळं, गोल, मधी हिरवं येतंय एवढंच तिला दिसलं. तिनं हातातलं धुणं छातीशी धरलं.

"कोण हाय गं? काय आनलंय?"

आक्काला हाक मारायची होती. तिनं तोंड उघडलं, दोन्ही हात पुढं केले! पण तेवढ्यात काहील गोल फिरली आणि आक्काची पाठच बहिणीकडं झाली! फिरली पुन्हा. तानूबाई गुडघाभर पाण्यात उतरली, चाचपडत पुढं आली, काहिलीचा काठ धरला. मग काठावरून हात पुढं, हातावरून खांद्यावर, खांद्यावरून गालावर. आणि तिनं आक्काचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्या बऱ्या डोळ्याजवळ आणलं. अगदी जवळ. वीतभर.

"आक्का... केस पार पांढरं झालं की गं तुझं!"

"दिसलं तुला?"

"दिसलं गं! आन् कपाळाला बुक्का लावलाईस."

"मग झालं," आक्का म्हणाली. "मग झालं माझं."

मंडळी, दोघी बराच वेळ तशाच होत्या. एक काहिलीत, एक पाण्यात. शार्दूलनं ह्या वेळी फोटो काढला नाही. काठी घट्ट रोवून धरून बसला, काहील हलू नये म्हणून.

आक्का परत आली नाही बरं का! म्हणाली, "सुट्टी संपेपतूर मी हितंच. तिला दिसतंय तवर रोज बघू दे मला." आणि चाचा दमले तेव्हा म्हशीची धार काढायला बसले कोण? बाळासाहेब! पहिल्याच दिवशी लाथ. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या म्हशीची लाथ! तेव्हा त्या माणसाला कळलं, 'म्हशी मी बघते' म्हणजे आक्का इतकी वर्षं काय बघत होती.

तर आता तुमच्याकडं वळते. पळू नका! सुट्टी लागलीय. कोणी फुग्यातून जा, कोणी दोरीला लटका, कोणी बर्फात पडा, मजा करा! माझी ना नाही. पण आपण जागा मोजून माणसं ठरवतो, माणूस बघून वाहन शोधत नाही. शार्दूलनं पुण्याहून दोरी आणली, जाकीट आणलं, नकाशा आणला. आत्तीला एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला — तुला कुठं जायचंय?

तुम्ही विचारलाय? कधी? खरं सांगा, देवाच्या दारात आहात!

नाही ना? मग असं करूया. गजर नंतर, आरती नंतर, प्रसाद कुठं पळत नाही. तुमच्या शेजारी जे माणूस बसलंय, जे दर वेळी "मी हाय की घरी" म्हणतं, त्याच्याकडं वळा. हो, आत्ता! काका, तुम्ही पण! आजींकडं तोंड करा. विचारा.

पेटी थांबवा हो जरा. टाळ खाली ठेवा. आजी काहीतरी सांगतायत.