पाठीवरचं नाव

खेळाच्या दुकानात जर्सीवर नाव छापून घ्यायला रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या एका शिंप्याच्या पुढेच एक आजी होत्या. त्यांचं बोलणं ऐकायला त्याला कान टवकारावे लागत नव्हते.

“आजी, हे नाव सकाळपासून छापतोय. खाली दहा नंबरच ना?” छापणाऱ्या पोरानं विचारलं.

“दहा कशाला?”

“या नावाची कप्तान दहा नंबर घालते. का तुम्हाला या नावाची ती गायिका आवडते?”

“एक नटीही आहे की रे या नावाची! मला कुणाशी काय देणंघेणं? हे माझ्या नातीचं नाव. एकोणीस टाक.”

“खेळते?”

“शहराच्या संघात. राखीव आहे.”

“म्हणजे बाकावर बसते.”

“त्या बाकावर बसायलाही निवड व्हावी लागते. तू बसून दाखव!”

शिंपी खोकल्याआड हसला. जर्सीचं माप त्याच्या नजरेनं केव्हाच हेरलं होतं.

“पण ही तिला ढगळ होईल हं,” तो आजींना म्हणाला.

“तिला संघानं दिलीय. ही मी घालणार, उद्याच्या सामन्याला.”

“मग लोक विचारत बसतील, गायिकेची का कप्तानाची म्हणून.”

“विचारू देत की! तेवढ्यासाठीच तर छापून घेतेय.”