अपेंडिक्सचा ताबा

...नाही, तुम्हीच सांगा, दुखतंय भीमाचं पोट, पण ताबा कुणाचा? हसू नका! गेल्याच साली, बाहत्तरची गोष्ट, हा तिसगावचा भीमा, बैलाच्या सौद्यात दलालाचं डोकं फोडलं म्हणून आमच्या इथल्या जेलात, खटला अजून उभा राहायचाय, आणि मी सरकारी डॉक्टर, म्हणजे जेलातलं दुखणंखुपणं माझ्याच गळ्यात! उजव्या कुशीत बोट टेकवलं तर असा बोंबलला... अपेंडिक्स, फुटायच्या बेतात! म्हटलं, दवाखान्यात हलवतो, आजच्या आज कापायला हवं. तर जेलर विष्णुपंत चष्मा पुसत म्हणतात, "हलवा की. पण कापायचं म्हणजे... ताबा कोर्टाचा आहे हो!" कोर्टात गेलो. शिरस्तेदार पानाला चुना लावत, "आरोपी जेलात ना? मग ताबा जेलचा!" फौजदार म्हणाले, "आमचा ताबा बेडीपुरता. पोट आमच्याकडे येत नाही." आता बोला! दुखतंय भीमाचं पोट, पण ताबा कुणाचा?

तुम्हाला सांगतो, घाबरलो मी. ह्या लोकांच्या पायी जितंजागतं माणूस जायचं हो! शेवटी भीमालाच विचारलं, "बाबा रे, तुझी परवानगी आहे का?" तर हा गुडघे पोटाशी घेऊन, "डाक्टर, माज्या पोटावर आता माजाबी ताबा न्हाई, कापा लवकर!" झालं! शुद्धीवरचा, सज्ञान माणूस, अंगठा घेतला आणि कापलं. वाचला! इतकं बरं वाटलं मला...

पण कुठलं काय! भीमाला परत न्यायला हवालदार आसाराम आला, म्हणतो, "सायेब, कैदी दिला तसा परत पायजे. ह्यात येक नग कमी हाय."

"अहो, तो नग सडका होता!"

"सडका असंल, पन सरकारी ताब्यातला हुता! कुटंय त्यो?"

तपासणीसाठी बरणीत ठेवला होता, दाखवला. आसारामानं बरणीला फडकं बांधलं, वर लाखेचं सील ठोकलं आणि म्हणाला, "मुद्देमाल हाय, जपा. हुकूम आल्याबिगर कुनाला देऊ नका."

हुकूम कुठला येतोय? भीमा जामिनावर सुटून काष्टीच्या बाजारात बैलांचे दात बघत हिंडतोय, आणि मी? मला बदली मिळाली हो, हवी ती, घराजवळची! ट्रंका बांधल्या, नवा डॉक्टर चार्ज घ्यायला आला, खुर्ची घेतली, किल्ल्या घेतल्या, कपाट उघडलं... आणि म्हणाला, "बाकी सगळं घेतो. बरणीचा ताबा तेवढा नाही घेणार."

...बसलोय ट्रंकेवर.