मागच्या बाजारादिवशीचं

माझं लग्न कशावर जमलं म्हणाल, तर शिळ्यावर. हसू नका, सांगते.

सणसरचे पाहुणे मला बघायला पणदऱ्याला आले, तेही न कळवता. घरातले पोहे नेमके संपलेले. आई पळत साखर कारखान्याच्या बंगल्यावर गेली. अख्ख्या पंचक्रोशीत बर्फाचं कपाट तेवढं तिथल्या साहेबांकडं होतं, रॉकेलवर चालणारं. त्यांच्या बाईंनी त्यातून स्कोन, म्हणजे विलायती छोटे गोड पाव, काढून दिले. "मागच्या बाजारादिवशी मीच भाजलेत. गरम करून वाढा," म्हणाल्या.

हातात घेतले तर नुसते दगड! आई रडकुंडीलाच आली. मी ते तव्यावर मांडले, वर परात पालथी घातली आणि परातीवर निखारे ठेवले. चहा उकळेपर्यंत मऊ झाले. वर लोणी आणि काकवी घालून पाहुण्यांपुढं नेले.

मुलाच्या वडिलांनी, आबांनी, दोन संपवून तिसरा उचलला. "पोरी, आत्ता केलंस व्हय?"

आईनं दाराआडून डोळे वटारले. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय आबा. बंगल्यावरच्या बाईंनी मागच्या बाजारादिवशी केल्यात. मी निस्तं गरम केलं."

पाहुण्याला शिळं! माझ्या वडिलांनी मान खाली घातली.

आबांनी घास गिळला. "हिच्या हातनं शिळं आसं लागतंय, तर ताजं कसं लागंल? फोडा सुपारी!"

आईचा जीव भांड्यात पडला.

लग्नानंतर पहिल्या सकाळी मी आबांना ताजी भाकरी वाढली. दोन घास खाऊन ते हळूच म्हणाले, "पोरी, त्ये शिळं उरलंय का गं थोडं?"