अण्णांचा पहिला तास

बसथांब्यावर माझ्या मागे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीचा आवाज आनंदाने चढलेला.

"अगं, अण्णांनी तास कमावला!"

"तुझ्या सासऱ्यांनी? ते तर खुर्चीतून उठतसुद्धा नाहीत."

"त्या तासांच्या बँकेत गं. आपण कोणासाठी तासभर काम करायचं, की आपल्या गरजेला दुसरं कोणी तासभर येतं."

"पण ते कोणाला घरात पाऊल टाकू देत नव्हते ना?"

"'फुकटचे उपकार नकोत,' हेच पालुपद. माझे तास वापरा म्हटलं, तर तेही नकोत. आणि काल बँकेतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांचं दार घासत होतं. कोणीतरी सांगितलं, नवीनच बसवा."

"आणि अण्णा हाडाचे सुतार!"

"असे तापले म्हणून सांगू! व्हिडिओ कॉलवर दार बघितलं. तिकडे बाईंच्या हातात रंधा, इकडे यांचा आरडाओरडा. 'हलक्या हातानं! लाकूड आहे ते, दगड नाही!' तासाभरात दार अलगद लागलं."

"मग?"

"आज सकाळी स्वतः बँकेत फोन लावला. म्हणाले, 'माझा एक तास जमा आहे. माझ्याजवळ बसायला कोणाला तरी पाठवा. सुनेला बाहेर जायचंय.'"

"तू तसं म्हणाली होतीस?"

"छे! ते खुर्चीला खिळल्यापासून आठ महिन्यांत एकदाही तोंडातून काढलं नाही."

"मग आता निघालीस कुठे?"

"काय माहीत! पहिली येईल त्या बसमध्ये बसणार."