दोन कप पाण्याची पैज

डॉक्टर – अगं हळू. कोल्ड्रिंकचा डबा आहे तो, माझी मान नाही.

बायको – मानेवर राग काढायचा असता तर कधीच काढला असता. आता गप्प बसा आणि सांगा, या रेघेवरून कापू की खालून?

डॉक्टर – रेघेवरून. आपल्याला बूड पाहिजे, दोन बोटं उंचीचं. वरचं तोंड टाकून दे.

बायको – ही रेघ? मला वाटलं, डब्यावर झुरळ फिरून गेलं.

डॉक्टर – हात आहेत तशी रेघ.

बायको – मी काही त्या अर्थानं नाही म्हटलं.

डॉक्टर – माहीत आहे गं. याच हातांनी मी गावाच्या दाढा कोरल्या, हे आज कुणाला सांगितलं तर जबडा धरून पळत सुटेल. काप तू. कड धारदार होते, बोट सांभाळ.

बायको – शिवणाच्या क्लासात आयुष्य गेलं माझं. कात्रीनं माझं बोट कापलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

डॉक्टर – नाही. माझ्या पँटचा पाय कापलेला पाहिलाय. एकच, डावा.

बायको – तो मापात चुकला होता. बरं, पैज लक्षात आहे ना?

डॉक्टर – तूच सांग पुन्हा. तुला सांगायला आवडतं.

बायको – हा तुमचा डब्याचा स्टोव्ह इथे बाल्कनीत, माझ्या डोळ्यांदेखत, दोन कप पाणी उकळेल. एका भरण्यात, वरून स्पिरिट न घालता. उकळलं, तर मी तुमच्याबरोबर त्या डोंगरावर येईन. नाही उकळलं, तर सगळे डबे भंगारात, आणि हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.

डॉक्टर – डोंगरावर नाही गं, डोंगराखाली. झऱ्यापर्यंतच. वर चढायचे दिवस गेले माझे. गाडी पायथ्यापर्यंत जाते. तिथून तुझ्या पावलानं निघालो तरी दुपारच्या आत पोचू.

बायको – माझ्या पावलानं! तिथे कोण कुणाचा हात धरून चालतंय ते बघूच.

डॉक्टर – तोच तर बेत आहे.

बायको – पुरे. पुढे काय करायचं?

डॉक्टर – दाभण घे. या बुडाला मधोमध एक तोंड पाड आणि कडेनं गोल भोकं, सारख्या अंतरावर. बारीक हं. भोक मोठं झालं की ज्योत आळशी होते.

बायको – काजं करायला मी पोरींच्या तीन पिढ्या शिकवल्या. अंतर मला नका सांगू. ...आणि मी म्हणते, दुकानात गॅसचा एवढासा स्टोव्ह मिळतो. बटण फिरवलं की झालं. थोरला आणून देतो म्हणाला होता.

डॉक्टर – तो फुरफुरतो. तुझ्या सासूबाई रागावल्यावर फुरफुरायच्या तसा.

बायको – त्यांना कशाला ओढता मध्ये?

डॉक्टर – याला आवाजच नसतो. झऱ्याकाठी बसलं की पाण्याचा आवाज आणि पातेल्यातल्या पाण्याचा आवाज, एवढंच. ते तुला ऐकवायचंय. दर वर्षी आम्ही तिघं जायचो. मागे फोटोवाला वारला, पोस्टमास्तर लेकीकडे राहायला गेला. आता तू नाही आलीस तर मला एकट्याला कोण सोडतंय? त्या दिवशी घरात भडका उडाला तेव्हापासून थोरला तर मला देवघरातली समईसुद्धा लावू देत नाही.

बायको – बरोबरच आहे त्याचं. भुवई जळली होती तुमची. खिडकीचा पडदा गेला तो वेगळाच.

डॉक्टर – भुवई परत आली की.

बायको – पडदा नाही आला. स्पिरिटची बाटली त्यानं कपाटावर ठेवली होती, आज स्टुलावर चढून मी काढली. त्याला कळलं तर दोघांनाही कोपऱ्यात उभं करेल.

डॉक्टर – मग या पैजेत तूही गुन्हेगार झालीस.

बायको – साक्षीदार. झाली भोकं. बघा.

डॉक्टर – वा! मी पाडलेली कधी इतकी नीट नव्हती. आता ही पत्र्याची पट्टी गोल करून आत ठेव, आणि हे बूड त्या दुसऱ्या डब्याच्या बुडात बसव. जोर लावावा लागेल.

बायको – एकाच मापाची दोन बुडं, जोर लावून फाटतील. थांबा. फुग्याच्या बाहीला चुण्या घालतो तशा बारीक चुण्या घालते आतल्याला. हं. आता सरकवा. नको, मीच सरकवते.

डॉक्टर – बसलं की!

बायको – बसणारच.

डॉक्टर – इतकी वर्षं मी जोर लावत आलो.

बायको – ते मला माहीत नाही का! ...बरं, त्या दिवशी नेमकं झालं काय होतं? पोरांसमोर तुम्ही धड बोलला नाहीत.

डॉक्टर – व्हायचंय काय? मला वाटलं, विझला. म्हणून वरून स्पिरिट ओतलं. तो विझला नव्हता.

बायको – जळता स्टोव्ह दिसला नाही तुम्हाला? चष्मा कुठे होता?

डॉक्टर – नाकावर. चष्म्याचा दोष नाही त्यात. स्पिरिटची ज्योत उजेडात कुणालाच दिसत नाही. अंधारात निळी दिसते. दिवसा काहीच नाही. वर हात धरला तरच कळतं.

बायको – आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय! मग तुम्ही तिघं तिकडे डोंगरात हातच भाजून घेत होतात का?

डॉक्टर – छे! मीठ होतं ना.

बायको – कसलं मीठ?

डॉक्टर – माझ्या डबीतलं. दोन-चार कण टाकले की ज्योत पिवळी होते. भर उन्हात दिसते. त्या दिवशी डबीचं झाकणच उघडेना. बोटं ऐकेनात. तुला हाक मारायची लाज वाटली. म्हटलं, मिठावाचून काय अडतंय? तर तिथेच अडलं.

(दाभण टेबलावर ठेवल्याचा आवाज. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करू बघतंय. ती खाकरते, थांबते, पुन्हा खाकरते.)

बायको – ती पितळेची डबी. चपटी.

डॉक्टर – तीच. का गं?

बायको – ते मीठ तुम्ही ज्योतीवर टाकायचात?

डॉक्टर – मग कशावर टाकणार?

बायको – भाजीवर.

डॉक्टर – कुठल्या भाजीवर?

बायको – माझ्या! डब्यातल्या!

डॉक्टर – अगं, काय बोलतेस?

बायको – लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा निघालात, तेव्हा मी उजाडायच्या आत उठले होते. नवी होते. तुमचे मित्र पण खाणार म्हणून जीव ओतून डबा केला. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, डब्याकडे पाहिलंत, म्हणालात, 'छान,' आणि मिठाची बरणी उघडून डबी भरून घेतलीत. चाखूनसुद्धा न बघता.

डॉक्टर – अरे देवा.

बायको – दर वर्षी तेच. मी डबा भरायची आणि तुम्ही माझ्यासमोर मीठ भरायचात. मला वाटायचं, हिच्या हाताला चव नाही हे यांनी मित्रांनाही सांगून ठेवलंय. एका वर्षी तर रागानं मी दुप्पट मीठ घातलं.

डॉक्टर – ती भाजी! अगं, फोटोवाला तांब्या घेऊन झऱ्यावरच जाऊन बसला होता. आम्ही म्हटलं, चुकून दोनदा पडलं असेल.

बायको – आणि त्या वर्षीही तुम्ही डबी भरलीत.

डॉक्टर – भरणारच ना!

बायको – हसू नका.

डॉक्टर – नाही हसत. खरंच नाही. पण तू विचारलं का नाहीस कधी?

बायको – काय विचारू? माझी भाजी अळणी असते का हो? आणि तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर मी काय करायचं होतं?

डॉक्टर – म्हणून तू कधी आली नाहीस?

(पत्र्याचे तुकडे गोळा केल्याचा आवाज.)

डॉक्टर – मी विचारायचो तुला. दाराशी बूट चढवताना विचारायचो.

बायको – विचारायचात. मी म्हणायची, मुलं लहान आहेत. मग म्हणायची, मुलांच्या परीक्षा आहेत. मग क्लास आहे म्हणायची. जिथे आपलं अन्न गोड लागत नाही तिथे कशाला जायचं, असं वाटायचं. मग तुम्ही विचारायचं सोडलंत.

डॉक्टर – मला वाटलं, तुला डोंगर आवडत नाही.

बायको – डोंगर आवडायला तो आधी बघावा लागतो.

डॉक्टर – तुझा डबा उघडला की आम्ही तिघं लहान पोरांसारखे भांडायचो. पोस्टमास्तर तर खालचा डबा आधी उघडायचा, वरचा आम्ही संपवेपर्यंत त्याला खालचा मिळावा म्हणून. तो लेकीकडे जायला निघाला तेव्हा मला मिठी मारून काय म्हणाला, सांगू? म्हणाला, तुझी आठवण येईल की नाही माहीत नाही, वहिनीच्या डब्याची येईल.

बायको – मग हे तेव्हा नाही का सांगायचं?

डॉक्टर – मला वाटलं, तुला माहीतच असेल. डबे रिकामे यायचे ना घासूनपुसून.

बायको – रिकामे काय, ते तर कुत्र्याला घालूनही येतात.

डॉक्टर – चुकलंच माझं. ऐक, ती पैज सोडून देऊ. तशीच चल.

बायको – वा रे वा! पैज म्हणजे पैज. उद्या थोरल्यानं विचारलं तर मी काय सांगू, बाबा रडवेले झाले म्हणून मी निघाले? पाणी उकळू दे. स्पिरिट मी ओतते. किती?

डॉक्टर – त्या औषधाच्या मापानं, काठोकाठ एक. मधोमध ओत. हं. आता बाटली बंद कर आणि आत नेऊन ठेव. आधी बाटली, मग काडी. हा नियम मोडायचा नाही.

बायको – ठेवली. डबी द्या. ...हे झाकण माझ्याच्यानंही निघत नाहीये. चमचा लावते. निघालं. घ्या, मीठ तुम्ही टाका.

डॉक्टर – मी? सांडेल.

बायको – सांडायलाच तर पाहिजे. काडी लावली. पेटला का? मला तर काहीच दिसत नाही.

डॉक्टर – पेटलाय. वर हात नको धरूस. आता बघ हं...

बायको – अगंबाई! पिवळी! किती छान पसरलं मीठ, सगळीकडे सारखं.

डॉक्टर – या कामाला असाच हात लागतो वाटतं.

बायको – मग इतके दिवस उगीच कुरकुरत होतात. पातेलं ठेवू?

डॉक्टर – थांब. आधी तो तापू दे. घाई केली की गुदमरतो. आधी मधल्या तोंडातून जळतो, मग... ती बघ, आली. कडेच्या भोकांतून. एकेक करून.

बायको – फुलासारखं दिसतंय हो. आणि खरंच आवाज नाही!

डॉक्टर – सांगत होतो ना. आता ठेव पातेलं. तारांची ती तिवई सरळ कर आधी. झाकण घाल.

बायको – ठेवलं. आता?

डॉक्टर – आता गप्पा मारायच्या. आम्ही हेच करायचो. पाण्याकडे बघत बसलं की ते लाजतं.

बायको – झऱ्याशी सावली आहे का बसायला?

डॉक्टर – एक झाड आहे वाकडं. त्याच्याखाली एक दगड आहे, पाठ टेकता येते. तो दगड मी कुणाला बसायला द्यायचो नाही.

बायको – का?

डॉक्टर – उगीच. एक जागा रिकामी असलेली बरी वाटायची. ...अरेच्चा, वारा सुटला. बघ, ज्योत आडवी झाली. पत्र्याचा आडोसा कुठाय माझा? गुंडाळून ठेवला होता ना मोरीच्या फळीवर?

बायको – तो सूनबाईनं त्या जुन्या स्टोव्हबरोबर भंगारात दिला. पडदा जळला त्याच दिवशी.

डॉक्टर – संपलं मग. आडोशाशिवाय नाही उकळत. सगळी ऊब बाहेर चालली. एका भरण्यात नाही व्हायचं आता.

बायको – लगेच काय संपलं? बसा तुम्ही, उठू नका.

डॉक्टर – पैज तू जिंकलीस. दे टाकून डबे. तरी तू केलेला हा एक राहू दे मला. नुसता ठेवायला.

बायको – बसा म्हटलं ना. पेशंटला सांगायचात तसं सांगते, हलू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

डॉक्टर – तू कशाला उठलीस? गुडघा दुखतो ना तुझा, उभी नको राहूस.

बायको – बसून बसून आखडला. जरा मोकळा करते.

डॉक्टर – शाल अशी काय पसरून धरलीयेस?

बायको – गार वाटलं.

डॉक्टर – ...अगं, ज्योत सरळ झाली. बघ, बघ! झाकण हलायला लागलं! वारा पडला वाटतं एकदम.

बायको – पडला असेल.

डॉक्टर – पण मग दोरीवरचे कपडे कसे उडतायत?

बायको – तुम्ही पाण्याकडे बघा.