चकती कुठे पडली

खेळाच्या सामानाच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. भावाच्या हातात डिस्क गोल्फच्या, लांबच्या जाळीत फेकायच्या, दोन चकत्या होत्या.

“दादा, ती लांब जाणारी घे ना.”

“नको. ही ‘कंट्रोल ड्रायव्हर’ चकती बरी. थोडी कमी जाते, पण सांगू तिथेच जाते.”

“तुझी चकती तर सगळ्यांत लांब जायची.”

“अजूनही जाते. पण कुठे पडली ते मला दिसत नाही.”

“डोळ्यांवर ऊन येत असेल.”

“ढग असले तरी दिसत नाही गं.”

“वहिनीला सांगितलंस?”

“तुलाच पहिल्यांदा सांगतोय.”

“आणि आत्ता गाडी चालवत आलास?”

“रस्ता पायाखालचा आहे.”

“तुला हवी ती चकती घे. किल्ली मात्र माझ्याकडे दे.”

त्याने खिशात हात घातला.