बर्तोच्या वाट्याची माडी

(फिलिपिन्समधल्या समार बेटावरचं मच्छीमारांचं गाव. सकाळ. बांबूच्या मांडवाखाली दोघी शेजारणी सुकवायचे बांगडे चिरत बसल्या आहेत.)

फेलिसा: तर डॉक्टर म्हणाला, बर्तोचे डोळे बघा, कसे पांढरे झालेत. गेल्या नाताळात हळदीसारखे पिवळे होते. लिव्हर पुरतं बरं व्हायचं नाही म्हणे, पण आणखी बिघडतही नाहीये. जे चाललंय तेच चालू ठेवा म्हणाला.

लोलिंग: काय चाललंय ते सांगितलंस त्याला?

फेलिसा: काय सांगायचंय? माझा नवरा पीत नाही, एवढं डॉक्टरला पुरे.

लोलिंग: पीत नाही. पण बसतो.

फेलिसा: बसावं तर लागणारच. संध्याकाळी तांडेल अंगणात माडी घेऊन बसला, की पहाटे होडीवर कोण यायचं ते तिथंच ठरतं. हे मी तुला सांगायचं? तो अमान्दो नाही का, बायकोचं ऐकून घरी बसायला लागला. बघता बघता होडी सुटली त्याची. आता ओहोटीला चिखलात खेकडे शोधत हिंडतो.

लोलिंग: अमान्दो धडधाकट आहे.

फेलिसा: आणि त्याची पोरं? बघितलीस का अंगावर मांस? तो मासा नीट धर, बोट कापून घेशील.

लोलिंग: फेलिसा, मी बांगडे चिरायला आलेली नाही.

फेलिसा: ते आलं माझ्या लक्षात. घरचे टाकून माझे चिरायला कोण येतं? बोल काय ते.

लोलिंग: बर्तोचा पेला कोण पितं?

फेलिसा: हे काय विचारणं झालं? तुझा नवरा पितो, सगळ्या गावाला ठाऊक आहे. एकच पेला फिरतो, पाळी आली की नाही म्हणायची सोय नाही. शेजारच्यानं हात पुढे करून झेलला, तरच माणूस सुटतो. देल्फिन माझ्या पोरीचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्यानं तिला हातांवर घेतलं, म्हणून तर तू माझी कुमारे झालीस आणि बर्तो तुझा कुमपारे. त्यानं नाही झेलायचा तर कुणी?

लोलिंग: रोज?

फेलिसा: त्याचे उपकार मी विसरले का कधी? चांगला मासा मिळाला की शिरक्यात मुरवून आधी त्याच्यासाठी चखणा पाठवते. काल तर गाबोळी तळून दिली.

लोलिंग: उलटली ती. हल्ली त्याच्या पोटात काही ठरत नाही. माडी सोडून.

फेलिसा: पित्त असेल.

लोलिंग: पाय सुजलेत, चपलेत जात नाहीत. पोट पोटुशी बाईसारखं झालंय. ओढत नेला दवाखान्यात. नर्सनं बरगडीखाली दाबलं, तर ओरडला. बोटाला गळ रुतला तेव्हासुद्धा हा माणूस ओरडला नव्हता. नर्सनं विचारलं, किती पितोस? तर म्हणतो, सगळे पितात तेवढीच. मी म्हटलं, खोटं बोलतोय, दोघांची पितो. तिनं विचारलं, दुसऱ्याची कशाला? मला धड सांगताही येईना.

फेलिसा: ती शहरातली. तिला काय कळणार?

लोलिंग: बाहेर आल्यावर मलाच झापलं त्यानं. बर्तोच्या कानावर घातलंस तर मी घरात पाऊल ठेवणार नाही, म्हणाला.

फेलिसा: मग मला कशाला सांगतेस?

लोलिंग: तू बर्तो नाहीस.

फेलिसा: दुसरं कुणी झेलेल. बर्तोच्या भावाला विचारते मी.

लोलिंग: भाऊ एकदोनदा झेलेल हसत हसत. मग म्हणेल, ज्याला पाळी झेपत नाही त्याला जाळं काय झेपणार? आणि तांडेल ऐकतच असेल.

फेलिसा: बरं, थोडं पाणी घातलं माडीत तर?

लोलिंग: ओततो तांडेल स्वतः. आणि साल घालून लाल केलेल्या माडीत पाणी घातलं की रंगच उतरतो तिचा.

फेलिसा: मग तुझं म्हणणं तरी काय? बर्तोनं होडी सोडावी?

लोलिंग: होडीचं मला काही म्हणायचं नाही. मला माझा नवरा हवाय.

फेलिसा: मलाही हवा होता. गेल्या वर्षी चर्चमध्ये गुडघे सोलून घेतले मी. तेव्हा देल्फिन आपणहून दारात आला. म्हणाला, कुमारे, रडू नकोस, आजपासून त्याचा पेला माझा. मी हात धरले त्याचे. ती माडी कुणाच्या तरी पोटात जाणारच, हे तेव्हा मनातही आलं नाही माझ्या. नाही, खोटं कशाला बोलू? आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

लोलिंग: माहीत आहे मला.

फेलिसा: माहीत होतं आणि तरी येत राहिलीस माझ्याकडे?

लोलिंग: तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून इतके दिवस गप्प होते.

फेलिसा: बर्तो येतोय. आता काही बोलू नकोस. माझ्यावर सोड, वेळ बघून सांगते मी त्याला.

बर्तो: अरे वा, कुमारेला पण कामाला लावलंस? फेलिसा, हिला जाताना चार बांगडे दे. देल्फिन उठला का गं?

लोलिंग: झोपलाय.

बर्तो: झोपू दे. राग मानू नकोस लोलिंग, पण बोलतोच. पहाटे जाळं ओढताना तो माझ्या शेजारी होता. हात नुसते दोराला लावलेले, जोर म्हणून नाही. तांडेलनं पाहिलं. सगळ्यांदेखत म्हणाला, सोमवारपासून याला आणायचं नाही.

लोलिंग: तू काय म्हणालास?

बर्तो: मी काय म्हणणार? तांडेलपुढे तोंड उघडतं का कुणी? पण किनाऱ्यावर आल्यावर मी चांगला खडसावला त्याला. म्हटलं, लेका, माझ्याकडे बघ. माडी सोडली तर कसा टुणटुणीत झालो. तूही जरा हात आवर.

लोलिंग: मग?

बर्तो: हसला. म्हणाला, आवरतो.

फेलिसा: तू सोडली नाहीस, बर्तो.

बर्तो: म्हणजे? एक थेंब घेतलेला नाही मी. शपथ घेतो पाहिजे तर.

फेलिसा: तुझ्या वाट्याची माडी जमिनीवर सांडत नाही कुणी. ती त्याच्या पोटात जाते. त्याचं लिव्हर गेलंय. नर्सनं पाहिलंय. तुला कळू द्यायचं नाही म्हणून लोलिंगला दम भरलाय त्यानं.

बर्तो: मला वाटलं, त्याला आवडते.

लोलिंग: आवडते. आधी इतकी आवडत नव्हती.

बर्तो: नर्सला काय कळतं? शहरातल्या डॉक्टरला दाखवा.

फेलिसा: तुझे डोळे पिवळे झाले तेव्हाही तू हेच म्हणाला होतास.

बर्तो: ठीक आहे. मग संपलं. आजपासून मी बसत नाही. गेली होडी तर गेली. अमान्दो जगतोच आहे ना? मी तिथं नसेन तर तो झेलणार काय?

लोलिंग: परवा तू नव्हतास.

बर्तो: परवा मी डॉक्टरकडे गेलो होतो. मुक्काम पडला.

लोलिंग: तुझी जागा रिकामी होती. तांडेलनं पेला पुढे नेला. देल्फिननं मधेच हात घातला. म्हणाला, बर्तोचा राहिला. भरून घेतला. पुढच्या फेरीला पुन्हा म्हणाला, बर्तोचा राहिला. सगळे हसत होते.

फेलिसा: कुणी सांगितलं तुला?

लोलिंग: कुंपणापलीकडे उभी होते मी. रोज असते. तो घरापर्यंत नीट पोचतो की नाही ते बघायला.

बर्तो: मी नसतानासुद्धा.

लोलिंग: हो.

बर्तो: मग मी काय करू? तूच सांग.

लोलिंग: आज जा. पण बसू नकोस. त्याच्या हाताला धरून उठव आणि घरी घेऊन ये.

बर्तो: तू का नाही उठवत?

लोलिंग: बायकोनं उठवलं तर दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर जाऊन बसेल. तुझं ऐकेल असं नाही म्हणत मी. पण ज्याच्यासाठी प्यायला लागला, तोच समोर उभा असेल.

बर्तो: तांडेलच्या अंगणातून बसलेला माणूस उठवायचा, म्हणजे त्याच्या माडीचा अपमान. पुन्हा दोघांनाही उभं करणार नाही तो. होडी तर विसराच.

फेलिसा: विसरू. मी बांगडे विकत घेऊन सुकवीन.

बर्तो: आणि देल्फिननं मला ढकललं तर?

लोलिंग: ढकलेल. शिव्याही देईल.

फेलिसा: मग परत धरायचं.

बर्तो: सगळ्यांसमोर?

लोलिंग: तुझा पेला झेलला तो सगळ्यांसमोरच, कुमपारे.